गाणे कोणाचे?

आमच्या शाळेत पहिली भाषा उर्दू आणि दुसरी मराठी. मी दोन्ही शिकवते. उर्दूच्या तासाला एखादी नज्म शिकवायला घेतली की शायराचे नाव, त्याचा तखल्लुस, त्याचे गाव, त्याचा काळ हे सगळे आधी सांगावे लागते. ते सांगितल्याशिवाय नज्मचे वाचन सुरू होत नाही. मराठीच्या तासालाही तेच. ‘अक्षरभारती’तील कवितेच्या आधी कवीची ओळख असते. मी बी.एड. केले तेव्हा काव्यपाठाच्या टाचणात ‘कवी परिचय’ ही एक पायरी होती, आणि ती सोडली तर पाठाचे निरीक्षण करणाऱ्या प्राध्यापिका लाल शाईने तेवढीच रेघ मारत. त्यामुळे कविता म्हटली की तिच्यामागे एक माणूस असतो, हे आमच्या मुलींना चांगले ठाऊक आहे.

पण गाण्याचे तसे नाही. मागे एकदा आठवीच्या वर्गात मी विचारले, ‘गंगा-जमुना’ हे मुलीच्या पाठवणीचे मराठी गाणे कोणी ऐकले आहे का? बरेच हात वर झाले. कल्याणचा दूधनाका, ठाण्याची राबोडी, मुंब्रा-कौसा, कुठल्याही मोहल्ल्यातील लग्नात मुलगी निघाली की बाबुलच्या गाण्यांबरोबर हे एक मराठी गाणे कधी ना कधी लागतेच. मग मी विचारले, गाणे कोणाचे? सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, “लता मंगेशकर!” एका मुलीने जरा विचार करून सांगितले, “टीचर, पिक्चरचे असेल.” लिहिणाऱ्याचे नाव कोणालाच माहीत नव्हते. तो माणूस आमच्याच जिल्ह्यात, ठाणे शहरात राहत होता, हे तर नाहीच नाही.

त्यांचे नाव पी. सावळाराम. हेही त्यांचे खरे नाव नव्हे. मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील. जन्म 1914 चा, सांगली जिल्ह्यातील येडेनिपाणी या गावचा. पुढे ते ठाण्याला आले आणि ठाण्याचेच झाले. इतके झाले की ठाणे नगरपालिकेचे नगराध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. ज्या माणसाने गावातल्या गटारांच्या आणि नळांच्या तक्रारी ऐकल्या, त्यानेच आईच्या डोळ्यांतल्या पाण्याचे गाणे लिहिले, ही गोष्ट मला फार आवडते. 1997 मध्ये त्यांचे निधन झाले. लोक त्यांना ‘जनकवी’ म्हणत, आणि ठाण्यात त्यांच्या नावाने कलावंतांना पुरस्कार दिला जातो. त्याच्या जोडीला आणखी एक पुरस्कार आहे, त्याचे नाव ‘गंगा-जमुना’. गाण्याच्या नावाने पुरस्कार असावा, असे भाग्य फार थोड्या गीतकारांना मिळाले असेल.

सावळारामांनी काय केले हे समजायचे तर आधीची थोडी हकिगत ठाऊक हवी. आपल्या देशात तबकड्या तयार करण्याचा पहिला कारखाना 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे निघाला. या तबकड्या लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. नेहमीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. मराठीत आधी या तबकड्यांवर नाटकातली पदे, लावण्या, अभंग असत. 1930 नंतरच्या काळात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायली आणि ती घराघरांत गेली. छापील कविता चाल लावून गाता येते आणि लोक ती पैसे देऊन विकत घेतात, हे तेव्हा कळले. भावगीत म्हणतात ते असे रुजले.

पुढे एक फरक पडला. कवितेला चाल लावणे वेगळे आणि तबकडीसाठीच गीत लिहिणे वेगळे. कवितेत दहा कडवी असली तरी बिघडत नाही, वाचणारा थांबत थांबत वाचतो. तीन मिनिटांच्या गाण्यात एक धृपद आणि दोन-तीन अंतरे, एवढीच जागा. त्यातही सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे आणि मधले तुकडे वेळ खातात. म्हणजे लिहिणाऱ्याने पहिल्या ओळीतच घर उघडून दाखवले पाहिजे, कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे, काय झाले आहे. आम्ही उर्दूवाले गझलेच्या मतल्याकडून हीच अपेक्षा करतो. मतला पडला की गझल पडली. सावळारामांचे मतले पडत नाहीत. त्यांच्या गाण्यात पहिल्या ओळीत एक बाई उभी राहते. तिच्या डोईवर घागर असते, किंवा तिच्यासमोर सासरी निघालेली लेक असते, किंवा ती विठ्ठलासमोर उभी असते. तिचे शब्द स्वयंपाकघरात आणि विहिरीवर बोलले जाणारे असतात. शब्दकोश उघडावा लागत नाही. म्हणूनच आमच्यासारख्या, घरात मराठी न बोलणाऱ्या घरांतूनही ती गाणी शिरली.

संगीतकार वसंत प्रभू, लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचा आवाज आणि सावळारामांचे शब्द, अशी ती जुळणी होती. ‘शिकलेली बायको’ (1959) आणि ‘कन्यादान’ (1960) या चित्रपटांतही प्रभू आणि सावळाराम बरोबर होते. 1968 मध्ये वसंत प्रभू गेले. वडिलांनी लावलेल्या झाडाची सावली लेकरांना मिळते, या आशयाचे सावळारामांचे ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ हे गीत तर लताबाईंनी गायल्यामुळे मास्टर दीनानाथांच्या आठवणीशी कायमचे जोडले गेले. इथेही पाहा, ऐकणाऱ्याला लताबाई आठवतात, दीनानाथ आठवतात. ज्याने ते दुःख शब्दांत बसवले तो कोणाला आठवत नाही.

माझ्या घरात ‘गंगा-जमुना’ आले ते आपाच्या लग्नात. तिला मालेगावला दिले. निकाह कल्याणला झाला आणि वऱ्हाडाबरोबर ती मनमाडपर्यंत रेल्वेने जायची होती. 1854 मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला आली. तेव्हापासून या फलाटावरून किती लेकी सासरी गेल्या असतील त्याची गणती नाही. अम्मी हॉलमध्ये रडली नाही. पाहुणे, जेवण, आहेर यांत तिला वेळच नव्हता. आपाचा डबा पुढे निघून गेला, तेव्हा ती फलाटावरच्या बाकावर बसली आणि मग तिला उठवणे कठीण झाले. पुढे कित्येक दिवस भाकऱ्या थापताना ती तेच मराठी गाणे गुणगुणायची. अम्मीचे माहेर भिवंडीकडचे, कोकणी मुसलमानांचे. तिला मराठी वाचता येत नाही. गाण्यातले सगळे शब्द तिला येत नव्हते, जिथे अडायचे तिथे ती नुसती चाल म्हणायची. अब्बा एकदा म्हणाले, “बाबुलवाला गाना गाओ ना, अपना है।” अम्मीने उत्तर दिले, “उसमें बेटी रोती है। इसमें माँ रोती है।”

अम्मी शाळेत चौथीपर्यंतच गेली. पण मी पुढे अनेक पुस्तके वाचली तरी दोन गाण्यांतला फरक इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेला मला आढळला नाही. अमीर खुसरोंच्या नावावर सांगितले जाणारे बाबुलचे गीत लेकीच्या तोंडी आहे. ती बापाला विचारते की मला परक्या मुलखात का दिलेत. भावांना घर आणि मला परदेश, असा तिचा सवाल आहे. खुसरो 1325 मध्ये गेले. सातशे वर्षे झाली, हिंदुस्थानात लाखो मुली तो सवाल गात सासरी गेल्या. सावळारामांच्या गाण्यात आई बोलते. ती लेकीला समजावते, धीर देते आणि निरोप देते. जणू त्या जुन्या सवालाला कोणीतरी शेवटी उत्तर द्यायला उभे राहिले. पण नीट ऐकले तर कळते, की तो सवालाचा जबाब नाही. आई ‘का’ हे सांगत नाही, कारण तिलाही तिच्या आईने ते सांगितलेले नाही. तिच्याजवळ फक्त डोळ्यांतले पाणी आहे. पुरुषाने लिहिलेल्या गाण्यात बाईची ही अडचण इतकी खरी उतरली, याचे मला नवल वाटते.

आणि त्या दोन नद्या. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला ‘गंगा-जमनी’ हा शब्द रोजचा आहे. दोन नद्या मिळाव्या तशी दोन समाजांची मिळून झालेली तहजीब, असा आम्ही त्याचा अर्थ सांगतो. भाषणात हा शब्द आला की टाळ्या पडतात. सावळारामांनी त्याच दोन नद्या एका बाईच्या दोन डोळ्यांत आणल्या. तिथे भाषण नाही. अम्मीने ते गाणे आपले म्हणून गायले, तेव्हा तिला तहजीब वगैरे काही सुचले नसणार. तिची लेक गेली होती. मला वाटते, भाषा अशीच आपली होते. ‘बैजू बावरा’ (1952) चित्रपटातले भजन शकील बदायुनींनी लिहिले, नौशाद यांनी बांधले, रफींनी गायले, आणि देवळांत ते गायले गेले तेव्हा कोणी लिहिणाऱ्याची जात विचारली नाही. पण इथेही एक गोम आहे. जात विचारली नाही हे चांगले झाले. नावही विचारले नाही, हे मात्र चांगले झाले नाही.

नाव जाण्याची ही रीत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत स्टीफन फॉस्टर नावाचा गीतकार होऊन गेला. शब्द त्याचे, चालही त्याचीच. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांची सुरुवात त्याच्यापासून मानतात. ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ हे त्याचे अतिशय गाजलेले गीत 1851 मध्ये छापले गेले, तेव्हा त्यावर कर्ता म्हणून एका नाटकमंडळीच्या मालकाचे नाव होते. फॉस्टरने थोड्या पैशांसाठी आपले नाव सोडले होते. पुढे त्याने ते परत मागितले, पण त्याच्या हयातीत ते मिळाले नाही. गाणेही घर सोडून दूर गेलेल्या माणसाचे आहे, घरच्या म्हाताऱ्यांची आठवण काढणारे. 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या इस्पितळात तो मेला तेव्हा त्याच्याजवळ फक्त 38 सेंट होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय सुरू झाले तेही 1864 मध्येच. पन्नास वर्षांनी, 1914 मध्ये, अमेरिकेतल्या गीतकार-संगीतकारांनी आपली संस्था काढली आणि हॉटेलांत गाणे वाजवायचे तर आमचे पैसे द्या, अशी मागणी केली. 1917 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली.

आपल्याकडे याला वेळ लागला. कॉपीराइट कायदा 1957 चा. गीतकार-संगीतकारांची संस्था 1969 ची. पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की चित्रपटासाठी पैसे घेऊन लिहिलेल्या गाण्याचा मालक सामान्यतः निर्माताच. शेवटी 2012 मध्ये संसदेने कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी फार खटपट केली. आता गाणे चित्रपटगृहाबाहेर वाजले तर त्या मानधनातला गीतकाराचा वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो त्याच्या वारसांकडे किंवा त्याच्या संस्थेकडेच जातो. लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. कायद्याच्या या हिशेबाने सावळारामांच्या शब्दांची मुदत 2057 च्या अखेरीपर्यंत आहे. मी आठवीच्या मुलींना हे गणित फळ्यावर करून दाखवले. त्यांना शब्दाला मुदत असते, शब्दाला वारस असतात, ही कल्पनाच नवी होती.

त्यावर एका मुलीने मला पेचात टाकले. तिने विचारले, “टीचर, मग नानीच्या गाण्यांचा मालक कोण?” आमच्याकडे हळदीच्या रात्री बायका ढोलक घेऊन बसतात आणि कोकणीत गाणी म्हणतात. त्यांत नवऱ्या मुलाच्या बहिणींची थट्टा असते, जावयाला टोमणे असतात, आणि शेवटी रडवणारी गाणी असतात. माझ्या नानीला शंभरावर गाणी येत. मीही लहानपणी तिला विचारले होते की ही कोणी केली. ती म्हणाली, “ज्याच्या दारात मांडव, त्याचं गाणं.” ते खरेच होते. नाव घालायची जागा मोकळी ठेवलेली असे. ज्या घरी लग्न त्या नवरीचे, तिच्या बापाचे, तिच्या गावाचे नाव त्यात घालायचे. गाणे करणारी बाई मात्र त्यात कुठेच नसे. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच झाले. सावळारामांनी या अनाम बायकांचाच सूर उचलला, तो तीन मिनिटांत बसवला आणि त्यावर आपले नाव घातले. लोकांना गाणे इतके आवडले की त्यांनी ते पुन्हा अनाम केले. कवीला यापेक्षा मोठा मान नाही असे काही लोक म्हणतात. मला ते अर्धेच पटते. ज्याला नाव मिळण्याची सोय होती त्याचे नाव विसरले गेले तर तो मान असेल. जिला नाव मिळालेच नाही, तिचे काय?

हा प्रश्न मी उगाच काढत नाही. आमच्या भागात लग्नाच्या उर्दू पत्रिकेत आजही अनेक घरांत मुलीचे नाव छापत नाहीत. बापाचे नाव असते आणि त्याच्याआधी ‘दुख्तर-ए-नेक-अख्तर’ असे असते, म्हणजे शुभ नक्षत्राची लेक. शब्द सुंदर आहे. पण जिचे लग्न तिचेच नाव पत्रिकेत नाही. ती ज्या गाण्यावर रडणार त्याच्या कवीचे नाव कोणाला माहीत नाही. आणि तिच्या मैत्रिणी जी गाणी म्हणणार ती करणाऱ्या बाईचे नाव कोणी कधी विचारलेले नाही.

गेल्या काही वर्षांत एका शाळेत दहावीच्या मुलींचा निरोप समारंभ होता. नववीतल्या एका मुलीने त्यासाठी मराठीत गीत लिहिले. उर्दू माध्यमातली मुलगी, घरात मराठी नाही, तरी तिने लिहिले. बाकावरची नावे, मधल्या सुट्टीतला वडापाव, आणि आता कोण कुठे जाणार, असे साधेच शब्द होते. एका ओळीत तिने लिहिले होते की कोणी कॉलेजात जाईल आणि कोणाचे कार्ड छापले जाईल. दहावीच्या मुली त्या ओळीला रडल्या, कारण त्यांच्यातल्या दोघींची लग्ने ठरली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या पाहुण्यांनी गाणाऱ्या मुलींची नावे घेतली, तबला वाजवणाऱ्याचे घेतले, माइकवाल्याचे आभारही मानले. लिहिणारीचे नाव घेतले नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. तिने तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “टीचर, कवी परिचय फक्त पुस्तकातल्यांचाच असतो का?”

पुढच्या वर्षी ती स्वतः दहावीला होती आणि गीत तिचेच होते. त्या वर्षी मी कार्यक्रमपत्रिका दोन्ही भाषांत छापून घेतली. उर्दूत ‘कलाम’ आणि मराठीत ‘गीत’ असे लिहून पुढे तिचे पूर्ण नाव घातले. छापण्याआधी तिच्या वडिलांना बोलावून घेतले, कारण नाव छापण्यावरून नंतर तिला घरी बोलणी बसायला नको होती. ते रिक्षा चालवतात. त्यांनी मसुदा उलटसुलट करून पाहिला. मुलीचे नाव असे बाहेर कशाला, असे ते म्हणाले. मी त्यांना सावळारामांची हकिगत सांगितली. त्यांना गाणे माहीत होते. रिक्षात वाजवतो, म्हणाले. मग त्यांनी विचारले, “लिखनेवाला ठाना का था?” मी हो म्हणाले. ते थोडा वेळ गप्प बसले. मी त्यांना सांगितले की तुमच्या मुलीला अकरावीला घालायचे आहे, फॉर्म मी भरून देते, आणि तिथेही हेच नाव लागेल.

त्यांनी त्या दिवशी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. मसुद्याचा कागद मात्र त्यांनी मागून घेतला, घडी घातली आणि खाकी शर्टाच्या खिशात बॅजच्या मागे ठेवला. तिसऱ्या दिवशी कागद परत आला. तिच्या नावाच्या उर्दू हिज्ज्यात एक नुक्ता राहून गेला होता. तो त्यांनी निळ्या पेनने घातला होता.